सिक्लिडच्या मोठ्या टँकमध्ये दर आठवड्याला एक मासा मरतोय? औषध ओतण्याआधी हे तपासा

मला येणाऱ्या दहा फोनपैकी सहा-सात फोन एकाच तक्रारीचे असतात. "ताई, टँक मस्त चालला होता, पण आता दर आठ-दहा दिवसांनी एक मासा जातोय. बाकीचे एकदम ठणठणीत आहेत." मी दोन प्रश्न विचारते. टँक लावून किती दिवस झाले? उत्तर येतं, सहा महिने ते वर्ष. मासे कोणते घेतले होते? उत्तर येतं, "मिक्स आफ्रिकन," म्हणजे आफ्रिकेतल्या सरोवरांतल्या सिक्लिड जातीच्या माशांची मिसळ. एवढं ऐकलं की दुखणं कुठलं असणार याचा अंदाज येतो, आणि ते बहुतेक वेळा रोगाचं नसतं.

गेली अकरा वर्षं मी ठाणे-मुलुंड आणि पुण्यात लोकांच्या घरचे मोठे टँक लावते, बिघडलेले मार्गावर आणते. हा एकच दोष मी इतक्या वेळा निस्तरला आहे की आता तपासण्याचा क्रम हाताला बसला आहे. तो क्रम इथे देते. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या आणि कष्टाच्या नंतर. मधेच उत्तर सापडलं तर तिथेच थांबा, पुढचं काही करू नका.

आधी लक्षणं नीट बघा

मासे एकदम मरत नाहीत, एकेक करून जातात. मेलेल्या माशाची शेपटी आणि पाठीवरचा पर कुरतडल्यासारखा, झालर सुटल्यासारखा असतो. अंगावर खवले निघालेल्या जागी पांढुरके चट्टे असतात. मरण्याआधी तीन-चार दिवस तो मासा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपमागे किंवा हीटरच्या आड तिरका लटकलेला दिसतो. रंग काळपट पडतो. खायला टाकलं की बाहेर येतो आणि लगेच परत पळतो. त्याच वेळी टँकमधला एखादा नर आरशातून काढल्यासारखा चमकत असतो आणि अर्धा टँक त्याचा एकट्याचा असतो. अशी लक्षणं असतील तर पुढे वाचा.

सगळेच मासे वर येऊन तोंडाने हवा घेत असतील तर गोष्ट वेगळी आहे आणि घाईची आहे. लगेच तिसरा-चौथा हिस्सा पाणी बदला, बदलताना अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) टाका, एअर पंप चालू करा आणि मग सावकाश कारण शोधा. पोट टम्म फुगलं असेल, मासा खात नसेल आणि पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत असेल, तर तो पोटाचा आजार आहे. त्याच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

पहिली तपासणी: अर्धा तास बसून बघणं

याला एक रुपया लागत नाही आणि हेच कोणी करत नाही. मुलुंडच्या एका घरातलं सांगते. सहा फुटांचा टँक, तीसेक मासे. घरातले आजोबा रोज सकाळी टँकसमोर चहा घ्यायचे. मासा मेला की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर पेन्सिलीने बारीक फुली करायचे. मी गेले तेव्हा अकरा आठवड्यांत नऊ फुल्या झाल्या होत्या. मुलाने तोवर तीन वेळा निळं औषध ओतलं होतं. काचेच्या कडांचं पांढरं सिलिकॉन कायमचं निळसर झालं होतं. फुल्या मात्र थांबल्या नव्हत्या.

मी त्यांना सांगितलं, दिवे बंद करा, टँकचा पण. वीस मिनिटं थांबलो. मग टॉर्चवर लाल जिलेटीन कागद गुंडाळून आत बघितलं. पाइपच्या मागे, तोंड वर करून, एकमेकांना चिकटून तीन मासे उभे होते. तिघांच्याही शेपट्या अर्ध्या झालेल्या. पुढचा मृत्यू कोणाचा हे तिथेच लिहिलेलं होतं. मग टँकचा दिवा लावला. मधल्या मोठ्या दगडाखालून एक काळा मासा बाहेर आला, अंगावर दोन फिकट निळे पट्टे, आणि थेट त्या तिघांकडे गेला. आजोबा म्हणाले, "हा तर सगळ्यात देखणा आहे." तो ऑराटस या मारकुट्या जातीचा नर होता.

हे लक्षात येणं का महत्त्वाचं? औषधाने मारकुटा नर सुधारत नाही. उलट काही औषधांनी फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात, पाणी बिघडतं, आणि जे आधीच दबलेले मासे आहेत ते सगळ्यात आधी जातात. म्हणजे औषधच फुल्या वाढवतं.

बघताना तीन गोष्टी टिपा. कोण कोणाला पळवतोय, पळणारा कुठे जाऊन थांबतोय, आणि पळवणारा कुठल्या रेषेपाशी परत फिरतो. ती रेषा म्हणजे त्याच्या राज्याची हद्द. सहा फुटांच्या टँकमध्ये ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली असेल तर बाकीच्यांना राहायला जागाच उरलेली नसते.

दुसरी: मासे मोजा, आणि मेलेले खरंच मिळतायत का ते बघा

मेलेला मासा सापडत नसेल, नुसता आकडा कमी होत असेल, तर आत कोणी खाणारा आहे. आफ्रिकेतल्या मालावी सरोवरात, जिथून मिक्समधले बहुतेक मासे येतात, निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी नावाचा एक मासा आहे. अंगावर तपकिरी ठिपके असलेला हा मासा तळाशी कुशीवर पडून मेल्याचं सोंग करतो, बारके मासे जवळ आले की गिळतो. तिथले लोक त्याला कालिगोनो म्हणजे झोपणारा म्हणतात. दुकानात तो दीड-दोन इंचांचा असताना इतरांबरोबर मिक्समध्ये येतो, आणि पुढे जवळपास फूटभराच्या दिशेने वाढत जातो. तुमच्याकडे असा एखादा ठिपकेवाला असेल आणि त्याच्या तोंडात मावतील एवढे मासे गायब होत असतील, तर तुमचा शोध इथेच संपला.

मोजताना आणखी एक चूक टळते. एखादी मादी चार-पाच दिवस खात नाही, दगडात लपून राहते, गळा फुगलेला दिसतो, तोंड चावल्यासारखं हलत असतं. लोक घाबरून तिला बाहेर काढतात, औषधाच्या बादलीत टाकतात. ती आजारी नसते. मालावीच्या या मासळ्या अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतात, साधारण तीन आठवडे. त्या काळात त्या जवळजवळ काही खात नाहीत. तिला राहू द्या. फार मार खात असेल तरच वेगळी करा.

तिसरी: पाण्याची टेस्ट

मारामारी दिसली तरी पाणी तपासाच, कारण पाणी खराब असलं की जखम भरत नाही आणि दबलेला मासा दोन दिवसांत जातो. द्रवाचं टेस्ट किट घ्या. पट्टीवाल्या किटवर माझा भरवसा नाही.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. इथे आफ्रिकन टँकची एक खास गोष्ट आहे, ती समजून घ्या. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप खरं विषारी. पीएच (पाणी आम्लाकडे झुकतं की अल्काकडे, याचं माप) ७ आणि तापमान २६ अंश असेल तर एकूण अमोनियाच्या शंभर भागांतला जेमतेम अर्धा-पाऊण भाग विषारी असतो. पीएच ८.२ ला तोच शंभरात जवळपास ९ भाग होतो. मालावीच्या माशांना पीएच ७.८ ते ८.६ लागतो, म्हणजे आपण मुद्दामच त्या टोकाला पाणी ठेवतो. गोल्डफिशच्या टँकमध्ये चालून गेला असता असा किटवरचा हलका हिरवा रंग इथे चालत नाही. नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली ठेवा. वर गेलं असेल तर पाणी बदलणं कमी पडतंय.

मग पीएच आणि केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचा साठा, जो पीएच खाली पडू देत नाही. मुंबई-ठाण्याचं धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात केएच कमी. नवीन टँकला सुरुवातीला पीएच बरा दिसतो, पण फिल्टरमधल्या जिवाणूंच्या कामातून तयार होणारं आम्ल तो केएच हळूहळू खात जातं, आणि मग एक दिवस पीएच घसरतो. वर्षभर झालेल्या टँकमध्ये ६.५ पर्यंत उतरलेला पीएच मी बघितला आहे. याउलट दख्खनच्या बोअरचं पाणी जड असतं. आपल्या घरच्या माणसांना ते नकोसं वाटतं, पण या माशांना त्याने बहुतेक वेळा बरंच वाटतं. म्हणून कोणी "शुद्ध" म्हणून आरओचं पाणी टँकमध्ये टाकत असेल तर आजच बंद करा. आरओ नेमकं तेच काढून टाकतं जे यांना हवं असतं.

दुकानदार खडे मीठ टाकायला सांगतात. मिठाने ना पीएच वाढत ना केएच. खाण्याचा सोडा मात्र काम करतो. १०० लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे सपाट चमच्यापेक्षा जरा जास्त, टाकला की केएच साधारण २ अंशांनी वर जातो. तो थेट टँकमध्ये ओतू नका. बदलायच्या पाण्यात विरघळवून टाका, आणि आठवडाभरात थोडा-थोडा चढवा. पीएच एकदम उडी मारून वर गेला तर आहे तो अमोनिया अचानक विषारी होतो. कायमचा उपाय म्हणून मी फिल्टरमध्ये कोकणातल्या शिंपल्यांचा धुऊन फोडलेला चुरा कापडी पिशवीत घालून ठेवते. चुनखडीचा असल्यामुळे तो लागेल तसा विरघळत राहतो.

पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा अँटिक्लोरीनचा हात आखडता घेऊ नका. आणि मे महिन्यात पाणी ३० च्या वर जातं तेव्हा मासे जास्त चिडके होतात, पाण्यात प्राणवायूही कमी असतो. झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तरी दोन-तीन अंश उतरतात.

पाणी सगळं नीट निघालं तर पुढे चला. आकडे बिघडलेले असतील तर आधी आठवडाभर पाणी सुधारा आणि मासे मरायचे थांबतात का बघा.

चौथी: खाणं

दगडांवरच्या माशांना, म्हणजे म्बुनांना, निसर्गात दगडावरचं शेवाळ आणि त्यात राहणारे बारीक जीव खरवडून खायची सवय. म्बुना हा शब्दच मालावीतल्या टोंगा भाषेतला आहे, अर्थ दगडातला मासा. त्यांचं आतडं लांब असतं. त्यांना ट्युबिफेक्स आणि ब्लडवर्म हे किडे, मांसाचे तुकडे असलं जड खाणं रोज दिलं की पोट बिघडतं. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, फुगलेलं पोट, खाणं बंद, हे त्याचं रूप. आणि असा मासा जड झाला की लगेच मार खातो, म्हणून तो मारामारीत मेला असं वाटतं.

काय कराल? दोन दिवस काही देऊ नका. मग स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असलेलं खाद्य, दिवसात दोनदा, एका मिनिटात संपेल एवढंच. मी कधीकधी पालकाचं पान उकळत्या पाण्यात एकदा बुडवून दगडाखाली दाबून ठेवते. दुसऱ्या दिवशी नुसता देठ उरतो.

पाचवी: दगड हलवणं

इथून कष्ट सुरू होतात, पण टेस्ट किट आणि खाणं सोडलं तर खर्च अजून नाही. ज्या नराने हद्द आखली आहे त्याच्या डोक्यात टँकचा नकाशा असतो. मधला मोठा दगड उचलून दुसऱ्या टोकाला ठेवा, गुहांची तोंडं बदला. हद्दीच्या खुणा हरवल्या की दोन-चार दिवस सगळेच नवखे होतात, आणि दबलेले मासे त्या वेळात जागा धरू शकतात.

दगड भरपूर हवेत, आणि त्यांच्यातून आरपार जायची वाट हवी. एका तोंडाची गुहा म्हणजे सापळा. मागून वाट असली की पाठलाग करणारा आत शिरेपर्यंत पळणारा पलीकडून निघून जातो. दगड पाण्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चढवा, नाहीतर वरचा भाग मोकळं मैदान होतो आणि दबलेले मासे तिथे उघडे पडतात.

आपल्याकडचा काळा पाषाण यासाठी उत्तम. तो पाण्याचं काही बदलत नाही आणि दिसतो पण मालावीच्या किनाऱ्यावरच्या खडकांसारखा. जांभा टाळा, तो झिजतो आणि पाणी गढूळ करतो. कुठला दगड चुन्याचा आहे हे बघायचं असेल तर वरच्या कोरड्या भागावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. आफ्रिकन टँकला त्याने नुकसान नाही, पण माहीत असलेलं बरं.

एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवते. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेला दगड एक दिवस खालून मोकळा होऊन काचेवर पडतो. म्हणून वाळूच्या आधी तळाच्या काचेवर पातळ थर्माकोल किंवा प्लॅस्टिकची जाळी, त्यावर दगड, आणि मग वाळू. टँक चालू असताना दगड हलवताना दोन्ही हातांनी धरा आणि काचेवर एकदम सोडू नका.

सहावी: नर बाहेर काढणं

दगड हलवून आठवडाभरात फरक पडला नाही तर त्या एका नराला बाहेर काढावं लागतं. मुलुंडच्या घरी मी तेच केलं. रात्री दिवे घालवून, दोन जाळ्यांनी, तासभर लागला. ऑराटस काढला आणि बादलीत टाकला, तो बादलीतही कडेकडेने फिरत होता. आजोबा खूश.

चार दिवसांनी त्यांचाच फोन. "ताई, पिवळ्यातला एक काळा व्हायला लागलाय." मी त्यांना तयार ठेवलं होतं, तरी त्यांना आश्चर्य वाटलं. ऑराटसची पिल्लं आणि माद्या पिवळ्या रंगाच्या, काळ्या पट्ट्यांच्या असतात. नर मोठा झाला, हुकमत मिळाली की उलटा होतो, काळा आणि फिकट पट्टे. पण टँकमध्ये एक काळा असेपर्यंत दुसरे नर मादीसारखे पिवळेच राहतात, दबून. वरचा गेला की दुसऱ्याचा रंग फिरतो. आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवराच्या बाजूला सापडणाऱ्या बर्टनी जातीत तर वरचा नर काढला की खालच्याचा रंग मिनिटांत बदलायला लागतो, हे प्रयोगशाळेत तपासलेलं आहे.

म्हणून एक नर काढून काम होईलच असं नाही. त्या घरी शेवटी तीन ऑराटस नर निघाले. तिसरा निघाल्यावर फुल्या थांबल्या.

सातवी: माशांची यादीच बदलणं

हा खरा मूळ दोष आहे, आणि मी जितके टँक बघितले त्यातल्या बहुतेकांत तोच होता. मिक्स आफ्रिकनमध्ये इंचभराची पिल्लं येतात. सगळी गोड, पिवळी-निळी, एकमेकांत खेळणारी. दुकानदारालाही त्यातली कुठली जात काय आहे हे नेहमी माहीत नसतं. संकरितही भरपूर असतात. सहा महिन्यांत ती तीन-चार इंच होतात, नर वयात येतात आणि मग सुरू होतं.

सरोवरात हरलेला नर पळून पुढच्या खडकावर जातो. मालावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून जास्त लांब आहे, त्यामुळे जायला जागा आहे. टँकमध्ये सहा फुटांनंतर काच. पळालेला मासा त्याच नराच्या समोर परत येतो, म्हणून मार थांबत नाही. मारणारा मासा वाईट नाही, आपण त्याला न संपणारी लढाई दिली आहे.

यादी दुरुस्त करताना या गोष्टी बघा. ऑराटस आणि केन्यी हे दोन आधी काढा. केन्यीत नर पिवळा आणि मादी निळी, म्हणजे निळ्यातला कोणी पिवळा व्हायला लागला की तो तुमचा पुढचा मारकुटा आहे. एकाच रंगाच्या दोन जाती एकत्र ठेवू नका, त्यांच्यात भांडणही जास्त होतं आणि संकरही. डेमासोनी ही छोटी भांडखोर जात ठेवायचीच असेल तर बारापेक्षा कमी ठेवू नका. चार-पाच ठेवले तर शेवटी एक उरतो. टांगानिकातले ट्रोफियस किंवा फ्रंटोसा आणि मालावीचे म्बुना यांची एका टँकमध्ये सरमिसळ करू नका, त्यांच्या गरजा वेगळ्या.

आणि संख्या. लोक घाबरून संख्या कमी करतात आणि परिस्थिती बिघडते. दहा मासे असतील तर मारकुट्याला प्रत्येकाकडे लक्ष द्यायला वेळ असतो. तीस असतील तर मार वाटला जातो. मात्र जास्त मासे म्हणजे जास्त घाण, म्हणजे फिल्टर मोठा आणि दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदलणं. हे दोन्ही करायची तयारी नसेल तर गर्दीचा उपाय करू नका.

सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टँकला मी बहुतेक वेळा तीनच जाती सुचवते: यलो लॅब, रस्टी आणि सोकोलोफी, प्रत्येकी दहाएक. पिवळा, तांबूस-जांभळा आणि फिकट निळा, रंग एकमेकांत मिसळत नाहीत आणि तिघांचा स्वभावही त्यातल्या त्यात सौम्य. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक जातीची बारा-चौदा पिल्लं घ्या, आणि वाढताना जास्तीचे नर काढत जा. एका नराला तीन-चार माद्या राहिल्या पाहिजेत. मागच्या खालच्या परावरचे अंड्यासारखे पिवळे ठिपके बघून लोक नर ठरवतात, पण ते माद्यांवरही असतात. वागणं बघा.

नवीन मासे टाकायचे तर एकेक टाकू नका, सगळे एकत्र टाका, दगड हलवून, दिवे घालवून.

काढलेले मासे कोणाला तरी द्या, दुकानदाराला परत द्या. नदीत किंवा तलावात सोडू नका. आपल्या उजनीत सापडणारी चिलापी म्हणजे तिलापिया, तोही आफ्रिकन सिक्लिडच. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज देशभरच्या तलावांत, नद्यांत पसरलेला आहे. तळ्यात सोडलेला एक मासा कुठे थांबेल हे आपल्या हातात राहत नाही.

आठवी: फिल्टर आणि वीज

वरचं सगळं करून पाणी पुन्हापुन्हा बिघडत असेल तर फिल्टर बघा. लाइट गेल्यावर कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवलेला बंद डब्याचा फिल्टर) तासन्‌तास बंद राहिला की आतलं पाणी सडतं. लाइट आल्यावर ते तसंच टँकमध्ये येतं. चार-पाच तासांपेक्षा जास्त वेळ बंद असेल तर चालू करण्याआधी ते पाणी बादलीत काढून टाका, स्पंज टँकच्याच पाण्यात पिळा. नळाच्या पाण्यात पिळला तर क्लोरीनने जिवाणू जातात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा, वेळेला तोच उपयोगी पडतो.

शेवटची: टँक लहान आहे

कधीकधी उत्तर हेच असतं. तीन फुटांच्या टँकमध्ये म्बुनांचा संसार नीट होत नाही. लांबी महत्त्वाची, उंची नाही. पण मोठा टँक घ्यायच्या आधी आकडे मांडा. ६ × २ × २ फूट म्हणजे ६८० लिटर. वरचे तीन इंच सोडून पाणी भरलं तरी सुमारे ६०० किलो. १२ मिलिमीटरची काच साधारण १२० किलो, वर दगड, वाळू आणि स्टँड. एकूण ९०० किलोच्या पुढे जातं, आणि ते सगळं १.१ चौरस मीटर जागेवर. भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीचा मजला प्रत्येक चौरस मीटरला २०० किलो चालत्या भारासाठी धरतात. याचा अर्थ मजला कोसळेलच असा नाही, कारण भार बीममध्ये वाटला जातो. पण तो कसा वाटला जातो हे मला किंवा टँक विकणाऱ्याला बघून कळत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

तळमजल्याच्या वर चार फुटांपेक्षा मोठा टँक ठेवायचा असेल, किंवा इमारत जुनी असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरू नका. टँकखालच्या फरशीला भेग दिसली किंवा स्टँड एका बाजूला झुकला तर पाणी अर्ध्यावर आणा आणि मग फोन करा.

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या, झिणझिण्या आल्या, तर लगेच हात बाहेर काढा, मेन स्विच बंद करा, वायरमनला बोलवा. हीटर बदलून बघू असं करू नका. टँकच्या सगळ्या प्लगना आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवा, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत जात नाही.

सिलिकॉनच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल तर बाहेरून सिलिकॉन लावून भागत नाही. टँक रिकामा करून बनवणाऱ्याकडूनच सांधा नव्याने करून घ्या.

पोट फुगलेले मासे एकापेक्षा जास्त झाले, किंवा वेगळं ठेवून, खाणं सुधारून चार दिवसांत फरक नाही, तर अँटिबायोटिक अंदाजाने ओतू नका. माशांवर काम करणारा पशुवैद्य शोधा. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. आपल्या भागातला जाणकार कोण, याची विचारणा तिथून सुरू करता येते. जाताना मेलेला मासा फ्रीझरमध्ये ठेवू नका, बर्फावर ठेवून त्याच दिवशी न्या, आणि टँकच्या पाण्याची बाटली वेगळी न्या.

मुलुंडच्या आजोबांनी कॅलेंडरवर खुणा करणं अजून बंद केलेलं नाही. आता मादीने तोंडात अंडी धरली की ते त्या तारखेला बारीक गोल करतात, आणि तिथून एकवीस दिवस मोजतात.